सहावी आज्ञा आणि आठवी



संत मत्तयच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय आपल्या कानांना नवा नाही. प्रभू येशू डोंगरावर बसून शिष्यांना शिकवत आहे. सत्ताविसाव्या वचनापासून तो डोळ्याविषयी बोलतो. व्यभिचार हे केवळ देहाने होणारे पाप नाही, वासनेने पाहणाऱ्याने ते अंतःकरणात आधीच केलेले असते, असे तो सांगतो. तेथून पाच-सहा वचने पुढे गेलो की तोच प्रभू जिभेविषयी बोलू लागतो. शपथांचा आधार घेऊ नका, तुमचा साधा होकार आणि साधा नकार लोकांना पुरेसा वाटावा असे जगा, असे तो बजावतो.

डोळा आणि जीभ ही दोन्ही एकाच प्रवचनात, एकाच अध्यायात आली आहेत. आपण मात्र त्यांची ताटातूट केली. सिनेमा, टीव्ही, मोबाइल यांवरच्या अश्लीलतेचा विषय निघाला की डोळ्याविषयीचे वचन आपल्याला आठवते, जिभेविषयीचे आठवत नाही. सहाव्या आज्ञेसाठी आपण पेटून उठतो, आणि त्याच भरात आठवी आज्ञा, म्हणजे खोटी साक्ष न देण्याची आज्ञा, पायाखाली तुडवली जाते.

हे आजच सांगण्याचे कारण आहे. आपल्या धर्मग्रामातील काही तरुण मला भेटायला आले होते. प्रभू येशूविषयी अत्यंत हिणकस चित्रपट येत आहे, तो थांबवण्यासाठी सह्या करा, मोर्चा काढा, हा संदेश दहा जणांना पाठवा, असे त्यांच्या मोबाइलवर आले होते. 'फादर, तहसीलदारांना निवेदन द्यायचे का?' असे त्यांनी विचारले. त्यांच्या तळमळीचे मला कौतुकच वाटले. त्या संदेशाकडे मी पुढे येणार आहे. त्याआधी, ज्या वाटेवर ही मुले पाऊल टाकू पाहत आहेत त्या वाटेवरून आपली ख्रिस्तसभा पूर्वी कशी चालली, हे पाहिले पाहिजे. त्या वाटेवर काही फार चांगल्या खुणा आहेत आणि काही खड्डेही.

अमेरिकेतील सेंट लुईस शहरात फादर डॅनियल लॉर्ड नावाचे येशूसंघीय धर्मगुरू होते (१८८८–१९५५). तरुणांमध्ये त्यांचे मोठे काम होते, 'द क्वीन्स वर्क' या नियतकालिकाचे ते संपादक होते. सिनेमा-नाटकाला नाके मुरडणाऱ्यांपैकी ते नव्हते. उलट त्यांना रंगभूमीचे वेड होते. ते स्वतः नाटके लिहीत, तरुणांकडून बसवून घेत. सेसिल डिमिल यांनी १९२७ मध्ये प्रभूच्या जीवनावर 'द किंग ऑफ किंग्ज' हा मूकपट काढला, तेव्हा फादर लॉर्ड त्यांचे एक सल्लागार होते. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. ज्याला सिनेमा आवडत होता, त्यानेच सिनेमाला आरसा दाखवला.

त्या काळी हॉलिवूडच्या चित्रपटांविषयी पालकांच्या तक्रारी वाढत होत्या. मार्टिन क्विग्ली हे एक कॅथलिक प्रापंचिक गृहस्थ सिनेमाधंद्याचे वृत्तपत्र काढत. त्यांनी आणि फादर लॉर्ड यांनी मिळून चित्रपटांसाठी एक आचारसंहिता तयार केली आणि मार्च १९३० मध्ये निर्मात्यांच्या संघटनेने ती मान्य केली. तिचे मुख्य सूत्र काय होते? पाप पडद्यावर दाखवूच नका, असे ते नव्हते. तसे असते तर पवित्र शास्त्रातील दावीद राजाची कथाही पडद्यावर आणता आली नसती. सूत्र असे होते की, पाहणाऱ्याची सहानुभूती पापाच्या बाजूला झुकेल अशा रीतीने पाप रंगवू नका. नीट विचार केला तर हा फरक फार मोठा आहे. उधळ्या पुत्राची गोष्ट प्रभूने सांगितली, तेव्हा त्या पोराने पैसा कसा उडवला हेही लपवले नाही. पण डुकरांच्या शेंगांवर येईपर्यंत त्याची संगत सोडली नाही.

निर्मात्यांनी सही केली आणि आचारसंहिता कपाटात ठेवली. महामंदीचे दिवस होते, थिएटरे ओस पडत होती, प्रेक्षक खेचायला काहीही चालत होते. मग १९३३ च्या अखेरीस अमेरिकन महागुरूंनी पुढाकार घेतला आणि १९३४ मध्ये 'लिजन ऑफ डीसेन्सी', म्हणजे शालीनतेची सेना, उभी राहिली. सिनसिनाटीचे आर्चबिशप जॉन मॅकनिकोलस तिच्या प्रमुखांपैकी होते. देवळादेवळांतून लोकांनी प्रतिज्ञा घेतली. फिलाडेल्फियाचे कार्डिनल डॉगर्टी यांनी तर आपल्या लोकांना सगळ्याच सिनेमांपासून दूर राहण्यास सांगितले. प्रोटेस्टंट आणि ज्यू धर्मीयांनीही साथ दिली. तिकीटखिडकीवर परिणाम दिसू लागताच हॉलिवूड हलले. १९३४ च्या मध्यावर जोसेफ ब्रीन या कॅथलिक गृहस्थाच्या हाताखाली तपासणीचे कार्यालय सुरू झाले. त्याच्या प्रमाणपत्राशिवाय चित्रपट प्रदर्शित केल्यास २५,००० डॉलर दंड ठरला. पोप अकरावे पायस यांनी २९ जून १९३६ रोजी 'विजिलांती कुरा' हे परिपत्रक काढून या चळवळीची प्रशंसा केली. सिनेमावर काढलेले ते पहिलेच परिपत्रक.

ही चळवळ इतक्या लवकर का फळली? दगड फेकले गेले नाहीत, पडदे फाडले गेले नाहीत. प्रतिज्ञेचा गाभा 'मी जाणार नाही' हा होता. दुसऱ्याला 'दाखवू नको' म्हणण्याआधी स्वतःला 'पाहू नको' म्हटले गेले. ज्याच्या घरात रात्री अकरानंतर टीव्ही कोणत्या वाहिनीवर असतो हे त्याच्या बायकोला सांगायची लाज वाटते, त्याने सकाळी तहसीलवर निवेदन घेऊन जाण्यात काय अर्थ?

आता खड्ड्याविषयी. हा भाग चळवळीच्या गौरवगाथांत सहसा सांगितला जात नाही. त्याच १९३० च्या आचारसंहितेत, काय दाखवू नये याच्या यादीत, गोऱ्या आणि काळ्या वंशाच्या स्त्री-पुरुषांमधील संबंध हीही एक बाब होती. म्हणजे एखादा काळा तरुण आणि गोरी तरुणी यांचे शुद्ध प्रेम, देवासमोर केलेला विवाहसुद्धा, पडद्यावर 'अनैतिक' ठरला. त्या काळी अमेरिकेच्या अनेक राज्यांत असा विवाह कायद्यानेच गुन्हा होता. तेथील सर्वोच्च न्यायालयाने ते कायदे रद्द केले १९६७ मध्ये. नीतीच्या नावाने उभ्या राहिलेल्या माणसांनी आपल्या समाजाचे पाप नीती म्हणून यादीत येऊ दिले, आणि कितीतरी वर्षे ते कुणाला खटकलेही नाही.

बंधुभगिनींनो, येथे अमेरिकेला नावे ठेवून पुढे जाणे सोपे आहे. पण आपलाही हिशेब मांडू या. २०१६ मध्ये 'सैराट' आला, तेव्हा तो शाळकरी पोरांना बिघडवतो अशी ओरड ठिकठिकाणी झाली. वेगवेगळ्या जातींच्या दोन कोवळ्या मुलांचे प्रेम आणि शेवटी त्यांचा घरच्यांकडूनच झालेला खून, अशी ती कथा. तो पाहून घरी परतताना आपण अनैतिक कशाला म्हटले? विहिरीतल्या उड्यांना की शेवटच्या रक्ताला? कोवळ्या वयात पळून जाणे शहाणपणाचे नाही, हे मी मुलांना सांगतोच आणि सांगत राहीन. पण ज्या घरात पळून जाण्याची चर्चा तासभर झाली आणि खुनाची पाच मिनिटेही झाली नाही, त्या घराने आपली यादी पुन्हा तपासावी. आपल्या देवळात लग्नाची घोषणा वेदीवरून वाचली जाते, तेव्हा मागच्या बाकांवर 'मुलगी मूळची कोणत्या समाजातली?' अशी जी कुजबुज चालते, ती कोणत्याही सेन्सॉर बोर्डाच्या कात्रीत सापडत नाही. बाप्तिस्म्याच्या पाण्याने जे धुतले गेले ते आपण पुन्हा अंगाला चोळून घेतो. याला मी अश्लीलच म्हणतो.

म्हणून अनैतिकतेची व्याख्या नीट करणे भाग आहे. उघडे अंग दिसले की अनैतिक आणि झाकलेले असले की नैतिक, इतके ते सोपे नाही. पोप संत जॉन पॉल दुसरे यांनी ऑक्टोबर १९८० मधील एका प्रवचनात प्रभूच्या या डोळ्याविषयीच्या वचनावर भाष्य करताना म्हटले होते की, पती आपल्या पत्नीकडेही केवळ वासना भागवण्याचे साधन म्हणून पाहील तर तोही मनाने व्यभिचार करतो. जगभरच्या वर्तमानपत्रांनी त्याची थट्टा केली, विवाहितांनी आता काय डोळे मिटून राहायचे का, असे विचारले. पण पोप महोदयांनी नेमक्या दुखण्यावर बोट ठेवले होते. माणसाची वस्तू करणे हे पाप आहे. देवाने आपल्या प्रतिमेत निर्माण केलेला मनुष्य बाजारात मांडला, पिशवीत घातला, वापरून फेकला, तेथे सहावी आज्ञा मोडली जाते. मग ते सिनेमातल्या गाण्यात होवो, हुंड्याच्या बैठकीत होवो, की शयनगृहात.

सिनेमाच वाईट, असा समज कुणी करून घेऊ नये. आपल्या देशातील सिनेमाची सुरुवात कशी झाली ते आठवा. त्र्यंबकच्या धुंडिराज गोविंद फाळके यांनी १९१०-११ च्या सुमारास मुंबईतील एका तंबूत प्रभू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त चालताना पाहून त्यांच्या मनात राम आणि कृष्ण चालू लागले. ३ मे १९१३ रोजी त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत प्रदर्शित झाला. भारतीय सिनेमाच्या पाळण्याची दोरी अशी एका ख्रिस्तपटाने ओढली.

आपल्याच जिल्ह्यातील सेवाग्रामला १९३६ पासून राहणारे गांधीजी सिनेमाच्या पक्के विरोधात होते. इंग्रज सरकारने १९२७ मध्ये चित्रपट चौकशी समिती नेमली, तेव्हा आपण सिनेमा कधी पाहिलेला नाही, आणि बाहेरच्या माणसालाही त्याची हानी दिसते, अशा आशयाचे उत्तर त्यांनी पाठवले. ख्वाजा अहमद अब्बास यांनी १९३९ मध्ये त्यांना जाहीर पत्र लिहून, बापू, या नव्या कलेला वाईट म्हणून टाकू नका, अशी विनवणी केली. पुढे १९४४ मध्ये, तुरुंगातून सुटून जुहूला विश्रांती घेत असताना, त्यांनी विजय भट्ट यांच्या 'रामराज्य' चित्रपटाचा काही भाग पाहिला. आता गंमत पाहा. सिनेमाला शंभर वर्षे झाली म्हणून व्हॅटिकनने १९९५ मध्ये ४५ महत्त्वाच्या चित्रपटांची यादी प्रसिद्ध केली. तिच्या 'मूल्ये' या विभागात १९८२ चा 'गांधी' आहे. सिनेमा न पाहणाऱ्या सेवाग्रामच्या म्हाताऱ्याला रोमने सिनेमातूनच मान दिला!

त्याच यादीत इटलीच्या रॉबर्टो रोसेलिनी यांचे दोन चित्रपट आहेत. याच रोसेलिनींच्या 'द मिरॅकल' या लघुपटाविरुद्ध १९५०-५१ मध्ये न्यू यॉर्कच्या कॅथलिकांनी निदर्शने केली होती, लिजननेही त्याचा धिक्कार केला होता. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९५२ मध्ये न्यायालयाने सिनेमालाच अभिव्यक्तीचे संरक्षण दिले. विरोध चुकीच्या जागी केला की हाती असलेले बळही जाते.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. २००६ हे एकच वर्ष घ्या आणि मुंबई हे एकच शहर. त्या वर्षी तेथे अश्लीलतेविरुद्ध आणि धर्मनिंदेविरुद्ध दोन लढे गाजले.

पहिला लढा प्रतिभा नैथानी यांचा. त्या मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवत. येशूसंघीयांनी १८६९ मध्ये स्थापन केलेले हे महाविद्यालय. केवळ प्रौढांसाठी प्रमाणित झालेले चित्रपट केबलवरून दिवसाढवळ्या घराघरांत येतात, लहान मुले ते पाहतात, हे कायद्यात बसते का, एवढाच त्यांचा प्रश्न होता. तो घेऊन त्या मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. केबल टीव्हीचा १९९५ चा कायदा आणि त्याखालचे नियम त्यांनी न्यायालयापुढे ठेवले. डिसेंबर २००५ मध्ये न्यायालयाने असे चित्रपट दाखवण्यास मनाई केली. ऑगस्ट २००६ मध्ये पोलिसांनी कारवाई केली, तेव्हा मुंबईत चित्रपटवाहिन्या काही दिवस बंद पडल्या आणि लोकांनी नैथानीबाईंनाच बोल लावले. पण त्याच महिन्यात केंद्र सरकारने नियमात बदल केला. सर्वांना पाहण्यास योग्य असे सेन्सॉरचे प्रमाणपत्र नसलेला चित्रपट टीव्हीवर दाखवता येणार नाही, असे ठरले. एका शिक्षिकेने नियमाचे पुस्तक उघडून जे मिळवले ते शंभर मोर्च्यांनी मिळाले नसते.

दुसरा लढा 'द दा विंची कोड'चा. डॅन ब्राऊन यांच्या २००३ च्या कादंबरीत प्रभू येशूचा मारिया माग्दालेनाशी विवाह झाला आणि चर्चने ते दडवले असे रंगवले आहे. त्यावरचा चित्रपट मे २००६ मध्ये आला आणि ख्रिस्ती समाज दुखावला. दुखावणे स्वाभाविक होते, मीही त्यात आहे. सरकारने कॅथलिक प्रतिनिधींना चित्रपट आधी दाखवला, ही कथा काल्पनिक आहे अशी सूचना घालायला लावली, प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र दिले. हे सारे योग्य मार्गाने झाले. पण तेवढ्यावर थांबवले नाही. मुंबईतील एका माजी नगरसेवकाने लेखकाला जिवंत वा मृत आणणाऱ्याला ११ लाख रुपये देऊ, असे जाहीर केले आणि ती बातमी जगभर छापून आली. काही राज्यांनी घातलेली बंदी टिकली नाही, आंध्र प्रदेश आणि तामिळनाडूतील बंदी तेथील उच्च न्यायालयांनी उठवली. ज्या प्रभूने पेत्राला तलवार म्यानात घालायला लावली, त्याच्या नावाने एका कादंबरीकाराच्या शिराची किंमत ठरवली गेली! सहावी राखायला निघालेल्यांनी पाचवी आज्ञाच मोडायला काढली. ज्यांनी ती कादंबरी कधी हातातही धरली नसती त्यांनी ती स्टेशनवरच्या स्टॉलवरून विकत घेतली, हे तर आपण सर्वांनी पाहिले.

आता त्या तरुणांच्या मोबाइलवरील संदेशाकडे येतो. मी त्यांना तीन प्रश्न विचारले. चित्रपट कुणी काढला? तुमच्यापैकी कुणी पाहिला? हे तुम्हाला कुणी पाठवले? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर होते, आणि तेही 'ग्रुपवर आले' एवढेच.

हा संदेश त्या मुलांच्या जन्माआधीपासून फिरतो आहे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील एका नियतकालिकाने असा चित्रपट निघणार असल्याची बातमी छापली. चित्रपट निघाला नाही. पण १९८० च्या दशकात इलिनॉय राज्याच्या अॅटर्नी जनरलच्या कार्यालयात निषेधाच्या पत्रांचा असा पूर आला, की असा चित्रपटच नाही, कृपा करून पत्रे थांबवा, असे त्यांना जाहीरपणे सांगावे लागले. पत्रे थांबली नाहीत. पत्राचे ईमेल झाले, ईमेलचा एसएमएस झाला, एसएमएसचे व्हॉट्सअॅप झाले. मध्येच त्याला 'कॉर्पस क्रिस्ती' हे नाव चिकटले. त्या नावाचे एक वादग्रस्त नाटक १९९८ मध्ये न्यू यॉर्कच्या रंगभूमीवर आले होते, हे खरे. पण संदेशात सांगितलेला, लवकरच आपल्या थिएटरात येणारा चित्रपट कधीच आला नाही. म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ जगभरचे भाविक ख्रिस्ती लोक नसलेल्या चित्रपटाविरुद्ध सह्या करत आहेत, आणि त्या निमित्ताने आपल्या प्रभूविषयीचे घाणेरडे शब्द स्वतःच्या हाताने दहा-दहा घरांत पोचवत आहेत.

ही खोटी साक्ष नव्हे काय? 'फादर, आम्ही काय मुद्दाम केले?' असे कुणी म्हणेल. मुद्दाम केले नाही, हे मान्य. पण खात्री करून घेणे आपल्या हातात होते. शेजाऱ्याने चोरी केली असे कुणी कानात सांगितले, तर आपण भोंगा घेऊन नाचणगावपर्यंत ओरडत जात नाही. मोबाइलवर मात्र जातो. आणि उद्या खरोखरच एखादा चित्रपट, एखादी मालिका, एखादे अॅप मुलांचा घात करू लागले आणि आपण निवेदन घेऊन गेलो, तर साहेब म्हणतील, हे तेच ना, मागच्या वेळी नसलेल्या सिनेमासाठी आलेले?

ती मुले समंजस निघाली. निवेदन त्यांनी फाडले. पण त्यांतल्या एकाने जाता जाता विचारले, 'मग आम्ही काहीच करायचे नाही का?' त्याचा प्रश्न मला लागला, कारण करण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते पुलगावातच आहे.

फादर लॉर्ड यांच्या काळी वाईट सिनेमा थिएटरात होता. थिएटरला दार होते, दाराशी उभे राहता येत होते. जत्रेतल्या तंबूच्या सिनेमालाही कनात होती. व्हिडिओ पार्लर कुठे आहे हे साऱ्या गल्लीला ठाऊक असे, तेथून बाहेर पडणारा पोरगा कुणातरी काकांच्या नजरेला पडे. आज ते सारे मुलाच्या उशीखाली आहे. सरकार काही करत नाही असे नाही. २०२१ च्या नियमांनी इंटरनेटवरच्या चित्रपट-मालिकांना वयोगटाप्रमाणे खूण लावणे सक्तीचे केले, तेरा वर्षांवरील आणि त्यापुढच्या गटांसाठी पालकांच्या हाती कुलूप दिले. मार्च २०२४ मध्ये १८ आणि जुलै २०२५ मध्ये २५ अॅप अश्लीलतेच्या कारणावरून बंद करण्यात आली. पण ते कुलूप लावणार कोण? आपल्याकडे कितीतरी घरांत फोनची कुलपे पोरानेच बापाला शिकवलेली असतात. डेपोच्या नोकरीमुळे, बदल्यांमुळे ज्यांचे वडील वर्षातले आठ महिने दूर असतात, त्या घरांत तर आई, मुले आणि एक मोबाइल एवढाच संसार. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने ४ डिसेंबर १९६३ च्या संपर्कसाधनांविषयीच्या आदेशपत्रात निर्मात्यांबरोबरच पाहणाऱ्यांवर आणि आईबापांवरही जबाबदारी टाकली आहे. तेव्हा मोबाइल स्वप्नातही नव्हता.

मुलाचा फोन हिसकावून तपासा, असे मी म्हणत नाही. चोरपोलिसाचा खेळ मुले आपल्यापेक्षा चांगला खेळतात. त्याच्याशेजारी बसा, तो काय पाहतो ते त्याच्याबरोबर पाहा, आवडले तर आवडले म्हणा, ओंगळ वाटले तर का वाटले ते सांगा. लाज वाटते म्हणून आपण बोलत नाही आणि मग त्याला हे सारे कुणीतरी अनोळखी माणूस शिकवतो. आणि वडीलधाऱ्यांनो, ज्या 'मित्रमंडळ' ग्रुपवर तुम्ही चित्रे पाहून हसता, त्या चित्रातली मुलगी कुणाच्या तरी घरची आहे. तिला विचारून ते चित्र तुमच्यापर्यंत आलेले नाही.

यापेक्षा कठीण गोष्ट आता सांगतो. अश्लीलता म्हटले की मुंबईचे निर्माते आणि परदेशी वाहिन्या आपल्या डोळ्यांपुढे येतात. पण आपल्या भागात मुलींचे आयुष्य ज्याने उद्ध्वस्त होते ते बहुधा मुंबईत तयार होत नाही. ते एखाद्या ओळखीच्याच मुलाने, विश्वासाने पाठवलेल्या फोटोतून, लपून काढलेल्या व्हिडिओतून तयार होते आणि पोरांच्या ग्रुपवर फिरते. मुलगी शाळा सोडते, घरचे घाईने लग्न लावून देतात. पाठवणाऱ्याचे नाव कुणी घेत नाही, कारण तो 'आपल्यातला' असतो. तो फोटो पुढे पाठवणारे, पाहून गप्प बसणारे, 'तिनेच काढला ना' म्हणणारे, आणि मग रविवारी मिस्साला येऊन सिनेमावाल्यांच्या नावाने बोटे मोडणारे, या सर्वांसाठी प्रभूने डोळ्याविषयीचे आणि जिभेविषयीचे वचन एकाच अध्यायात ठेवले आहे. मोर्चा काढायचाच असेल तर आधी अशा मुलीच्या घरी जा. तिच्या आईला सांगा की दोष तुझ्या लेकीचा नाही.

कायदाही समजून घ्या. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७, ६७अ आणि ६७ब खाली असे चित्र पाठवणे गुन्हा आहे. अठरा वर्षांखालील मुलामुलींची अश्लील चित्रे तर पाठवणेच नव्हे, शोधणे, पाहणे आणि फोनमध्ये साठवणेही गुन्ह्यात मोडते, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ च्या निकालात स्पष्ट केले. 'मी फक्त पाहिले' ही सबब आता न्यायालयातही चालत नाही.

म्हणून त्या तरुणांना मी जे काम दिले आहे, ते आपल्या सर्वांच्या माहितीसाठी येथे लिहितो. कुणाचा फोटो वा व्हिडिओ फिरत असल्याचे कळले, तर तो पुरावा म्हणूनही कुणाला पुढे पाठवू नये. फोन तसाच ठेवून पोलीस ठाण्यात दाखवावा. सायबर गुन्ह्यांसाठी १९३० हा क्रमांक आहे, मुलांसाठी १०९८. टीव्हीवर किंवा अॅपवर काही आक्षेपार्ह वाटले, तर कार्यक्रमाचे नाव, दिवस, वेळ आणि नेमके काय दाखवले ते स्वतः पाहिलेल्या माणसाने कागदावर लिहून आणावे, आपण रीतसर तक्रार करू. न पाहिलेल्या गोष्टीची तक्रार या धर्मग्रामाच्या नावाने जाणार नाही. अर्ज लिहायला मदत हवी असेल तर रोज सकाळच्या मिस्सानंतर मी निवासात असतो. मुलींना माझ्याकडे यायला संकोच वाटला, तर त्यांनी सिस्टरांकडे जावे. त्यांना सांगून ठेवले आहे, आणि नाव कुठेही लिहिले जाणार नाही.